पसरणी घाटात पुन्हा पडू नये म्हणून: सहा महिन्यांच्या नोंदी

राहायला वाईत, नोकरी पाचगणीतल्या हॉटेलात, हिशेबाची. सकाळी पसरणी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. नऊ वर्षं झाली. गाडी म्हणजे दीडशे सीसीची मोटारसायकल, कार्ब्युरेटरवाली, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय) नाही. रोज घाटातून जाणाऱ्या एखाद्याला उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवल्या. चुका आहेत तशाच ठेवल्यात.

१४ ऑक्टोबर

पडलो. संध्याकाळी पावणेसात, उतरताना, बुवासाहेब मंदिराच्या खालच्या बाजूला. डावं वळण, डावीकडे डोंगर, म्हणून पुढचं काही दिसत नाही. वळणात शिरल्यावर गाडी मधल्या रेषेकडे सरकायला लागली. समोरून एसटी वर येत होती. दोन्ही ब्रेक दाबले. गाडी सरळ उभी राहिली, सरळच गेली, मग मागचं चाक निसटलं आणि मी खडीवर. एसटी माझ्यापासून दोन मीटरवर थांबली, ती ड्रायव्हरच्या कृपेने.

नुकसान: क्लच लिव्हर, आरसा, दोन इंडिकेटर, हँडल वाकडं, लेग गार्ड आत. उजवं मनगट सुजलं, गुडघा सोलला. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. गाडीला ४,३५० रुपये, मला १,९०० रुपये, रजा ५ दिवस.

कारण: रस्त्यावर खडी.

(ही शेवटची ओळ खोडत नाही. पुढे का ते कळेल.)

गाडी उचलायला मदत करताना एसटीचे ड्रायव्हर म्हणाले, "पाव्हनं, खडी कालबी हितंच व्हती. परवाबी व्हती." तेव्हा राग आला.

२२ ऑक्टोबर

त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. गॅरेजवाल्या आप्पाला घेऊन, त्याच्या स्कूटरवर मागे बसून, त्याच वळणावर गेलो. मोजपट्टी आणि खडू बरोबर. पाऊस झालेला नव्हता, त्यामुळे मागच्या टायरचा काळा पट्टा अजून स्पष्ट होता.

पट्टा १४ मीटर लांब. आणि तो खडीच्या ११ मीटर आधी सुरू होतो.

दोनदा मोजलं. म्हणजे चाक अडकलं ते स्वच्छ, कोरड्या डांबरावर. खडीपर्यंत पोचायच्या आधीच मी पडलेलो होतो, फक्त जमीन लागायची बाकी होती. पट्टा सरळ आहे, रस्ता मात्र डावीकडे वळतो. ब्रेक दाबल्यानंतर मी गाडी वळवलीच नाही, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

ऑफिसातल्या एकाच्या मुलाने १९८१ सालच्या एका अमेरिकन अहवालाबद्दल सांगितलं. हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० हून जास्त मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला होता. दुसरं वाहन ज्यात गुंतलेलं नव्हतं अशा अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत चूक चालवणाऱ्याची निघाली. नेहमीचे दोन प्रकार: जास्त ब्रेक मारून घसरणं, नाहीतर वेगामुळे वळणात बाहेर फेकलं जाणं. मी एकाच वळणात दोन्ही करून दाखवले.

२९ ऑक्टोबर

पहिला उपाय आणि पहिला फुकट गेलेला पैसा. मागे एक साईज रुंद टायर टाकला, ३,१०० रुपये. आप्पा नको म्हणत होता. "रिम तेवढीच हाय, टायर फुगून गोल व्हतोय, त्यानं काय व्हनार?" मी ऐकलं नाही. गाडी वळणात जड झाली, टायर चेन कव्हरला घासायला लागला. आठ दिवसांत काढला, जुना परत बसवला. रुंद टायर १,५०० रुपयांना गेला.

टायर काढघाल करताना आप्पाने पुढच्या टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का दाखवला: ३११७. म्हणजे २०१७ सालचा ३१वा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं. सहा वर्षं मी फक्त नक्षीच बघत होतो. नवीन पुढचा टायर, कंपनीने सांगितलेल्याच साईजचा, २,१५० रुपये.

हवेची गोष्ट वेगळीच. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना सरसकट भरतो. माझ्या पुढच्या चाकात ३८ निघाली, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलंय २५. स्वतःचा गेज घेतला, ३५० रुपये. सगळ्या खर्चात वसूल झालेली पहिली वस्तू हीच.

६ ते १७ नोव्हेंबर

मोबाईल छातीला बांधायचा पट्टा, ४५० रुपये. घाटातली १४ वळणं निवडून त्यांना नंबर दिले. नियम एकच: गाडी वाकल्यानंतर ब्रेक दाबावा लागला की त्या वळणाला फुली. ब्रेक मारणं ही चूक धरली नाही. वळणात शिरल्यावर मारावा लागला, म्हणजे आधी मारायचा राहिला, एवढाच त्या फुलीचा अर्थ.

पहिल्या आठवड्याची सरासरी: चढताना १४ पैकी ३, उतरताना १४ पैकी ९.

नऊ! आणि मी स्वतःला घाटातला जुना माणूस समजत होतो. पडलो ते वळण नंबर ६. व्हिडिओत मोबाईलच्या जीपीएसवर तिथला वेग ४८ दिसतो. विचारलं असतं तर मी शपथेवर ३५ सांगितला असता. उताराला वेग वाढतो तो कानाला कळत नाही, कारण इंजिन ओरडत नाही. त्याचं कारण पुढे डिसेंबरमध्ये सापडलं.

मध्ये दिवाळीचे चार दिवस नोंद नाही. पर्यटकांच्या गाड्यांमुळे घाट मुंगीच्या वेगाने चालला होता, कोणीही पडणं शक्य नव्हतं.

१९ नोव्हेंबर

व्हिडिओत आणखी एक गोष्ट दिसली. रस्त्यात खड्डा असला की मी खड्ड्यातूनच जातो. बाजूला जागा असूनही. कारण मी त्याच्याकडे बघत राहतो, आणि जिकडे नजर तिकडे गाडी. १४ ऑक्टोबरला मी एसटीच्या बंपरकडे बघत होतो, हे आता आठवतं. डावीकडचा मोकळा रस्ता बघितल्याचं अजिबात आठवत नाही.

उपाय एक: हेल्मेटच्या काचेवर लाल टिकली लावली, नजर वर ठेवायची आठवण म्हणून. मूर्खपणा. दिवसभर टिकलीच बघत होतो.

उपाय दोन: प्रत्येक वळणाआधी मोठ्याने "पुढं" म्हणायचं आणि हनुवटी वळणाच्या शेवटाकडे फिरवायची. हा चालला, पण मान पुरती फिरेना. दोन दिवस वाटलं की वय झालं. मग बायकोने बसल्या जागी बघून सांगितलं, "अहो, सॅक हेल्मेटला अडतीये." खरंच. पाठीवरच्या सॅकचा वरचा भाग हेल्मेटच्या मागच्या कडेला टेकतो. त्यामुळे मान वर होत नाही आणि वळतही नाही, म्हणून नजर पुढच्या चाकाच्या पाच-सात मीटरवरच पडते. नऊ वर्षं! टाकीवर बसणारी बॅग घेतली, ९०० रुपये. त्या एका आठवड्यात उतरतानाच्या फुल्या ९ वरून ६ वर आल्या. दुसरं काहीच बदललेलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

ब्रेकचा सराव. आधी मैदानात गेलो, तिथे माती. पुढचा ब्रेक दाबला आणि दुसऱ्याच फेरीत गाडी आडवी. क्लच लिव्हर परत, १८० रुपये. सराव करायचा तर डांबर किंवा काँक्रीट, हे लिहून ठेवतो.

दुसऱ्या रविवारी, ३ डिसेंबरला, पहाटे बाजाराच्या रिकाम्या काँक्रीट आवारात. खडूची रेघ मारून तिथे ब्रेक दाबायला सुरुवात. माझे आकडे, कोरड्या जमिनीवर, आठ-दहा फेऱ्यांनंतरचे: ३० च्या वेगाने ७ मीटर, ४० ला १२, ५० ला १९. फक्त मागचा ब्रेक वापरून ४० ला २२ मीटर, तेही चाक घसरत.

वडिलांनी शिकवलेलं, "पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील." त्यांच्या काळच्या गाड्यांना आणि रस्त्यांना ते ठीक असेल. मी मात्र आयुष्यभर पायानेच थांबलो, आणि घाबरलो की पाय सगळं वजन टाकतो. चाक अडकणारच. पुढचा ब्रेक झटक्यात दाबला तर चाक निसटतं हे खरं, पण आधी हलका दाबून, पुढचा शॉकअप बसला की मग जोर लावला तर गाडी जमिनीला चिकटल्यासारखी थांबते. हे बोटांना शिकवायला दोन रविवार गेले.

आकड्यांत ब्रेक दाबायच्या आधीचा वेळ नाही. ४८ च्या वेगाला एका सेकंदात १३ मीटर जातात. नंबर ६ ला आडोशामुळे एसटी दिसल्यापासून माझ्याकडे जेमतेम २५ मीटर होते. गणित जुळतच नव्हतं. ब्रेक कितीही चांगला मारला असता तरी वेग आधीच जास्त झाला होता.

९ डिसेंबर

ही नोंद लिहायला लाज वाटते. मी घाट न्यूट्रलमध्ये उतरायचो. पेट्रोल वाचतं म्हणून. आमच्याकडे निम्मे लोक असेच उतरतात, काही तर इंजिन बंद करून.

एक आठवडा न्यूट्रल, एक आठवडा गिअरमध्ये, बाटलीने पेट्रोल मोजून भरलं. फरक दिवसाला चाळीस मिलीच्या आसपास. चार रुपये. त्या चार रुपयांसाठी मी मागचा ड्रम तापवत होतो. खाली नाक्यावर येईपर्यंत जळका वास येतो आणि पेडल खोल जातं, हे मला गाडीचा स्वभाव वाटायचं. ब्रेक शू काढले तर काचेसारखे चकचकीत. नवे, ३२० रुपये मजुरीसकट.

एसटीवाल्यांचा जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. मी बहुतेक वळणं तिसऱ्यात चढतो, आता तिसऱ्यातच उतरतो, दोन आवळ वळणांना दुसरा. इंजिन ओरडतं, म्हणून वेगही कानाला कळतो.

लगेच नवी चूक. वळणात शिरल्यावर गिअर खाली टाकला आणि क्लच फटकन सोडला. मागचं चाक उडी मारून बाजूला सरकलं. पडलो नाही, पण बारा नंबरच्या वळणाचा कठडा फार जवळून बघितला. तेव्हापासून गिअर, ब्रेक, नजर, सगळं सरळ रस्त्यावर उरकायचं. वळणात हात फक्त हँडलवर.

२४ डिसेंबर

आजवरचा सगळ्यात विचित्र धडा. वाई-पाचवड रस्त्याच्या सरळ पट्ट्यात, मागेपुढे कोणी नसताना, ४० च्या वेगाला डाव्या हाताने हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलली. हँडल किंचित उजवीकडे वळतं, आणि गाडी डावीकडे वाकते. पुन्हा केलं. उजवी मूठ ढकलली, गाडी उजवीकडे.

आप्पाला सांगितलं तर म्हणाला, "तू उलटं सांगतूयास." त्याला मागे बसवून दाखवलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "म्हंजी आपन रोज हेच करतूय, म्हाईत नव्हतं एवढंच."

तेच. नकळत सगळेच करतात, पण माहीत नसलं की घाबरल्यावर करता येत नाही. १४ ऑक्टोबरला मी अंग डावीकडे टाकत होतो आणि दोन्ही हातांनी हँडल आवळून धरलं होतं. गाडी वाकेल कशी? आणि ब्रेक दाबला की वाकलेली गाडी उभी राहते, म्हणून सरळ गेली. टायरमध्ये अजून वाकायला जागा होती. जुन्या, कडक टायरमध्येसुद्धा. त्या दिवशीच्या टायरची मी नीट पाहणी केली, दोन्ही बाजूंना बोटभर रबर कोरं होतं.

दहा दिवस रोज त्या पट्ट्यात पंधरा मिनिटं. उतरतानाच्या फुल्या: ४.

७ जानेवारी

रेष, म्हणजे वळणात गाडी कुठून कुठे न्यायची ती वाट. इथे व्हिडिओ बघून शिकायला गेलो आणि फसलो. ट्रॅकवर चालवणारे बाहेरून शिरतात, आतल्या कडेला टेकतात, परत बाहेर निघतात. मी तसंच केलं. त्यांच्या ट्रॅकवर समोरून स्ट्रॉबेरीची पिकअप येत नाही. नंबर ९ च्या डाव्या वळणात आतली कडा लवकर पकडली, बाहेर पडताना मधल्या रेषेवर होतो, आणि भिलारचे क्रेट खाली पोचवून रिकामी परत चाललेली पिकअप वर आली. चालकाने हॉर्न नाही वाजवला, फक्त हात वर केला. ते जास्त लागलं.

उजव्या वळणात वेगळा धोका. चाकं आपल्या बाजूला असतात, पण वाकल्यामुळे डोकं आणि खांदा मधल्या रेषेच्या पलीकडे. समोरच्या ट्रकचा आरसा बरोबर त्या उंचीला येतो.

आता असं करतो: वळण लवकर कापायचं नाही. बाहेरच्या बाजूला थोडं जास्त थांबायचं (आपल्याच लेनमध्ये, उजव्या वळणाला डाव्या कडेपासून हातभर आत, कारण कडेला माती असते). रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकत्र मिळाल्यासारख्या दिसतात, त्या जागेवर नजर. ती जागा आपल्याकडे येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी. ती पुढे पळायला लागली की वळण सुटतंय, मग वाकायचं आणि हलकी रेस द्यायची. हे एकदा डोळ्याला दिसायला लागलं की वळणांचे नंबर लक्षात ठेवायची गरज राहिली नाही. फुल्या: २.

२६ जानेवारी

सुट्ट्यांची गर्दी. आदल्या दिवशी मांढरदेवची यात्रा, त्यामुळे वाईतूनच गाड्या तुंबलेल्या. मला हॉटेलवर हजर राहणं भाग. पाचगणीजवळच्या हॅरिसन फॉली पॉइंटच्या खाली मोठ्या गाड्यांवरचे तिघे मागून आले, हॉर्न देऊन पुढे गेले. आणि मी, चाळिशी ओलांडलेला, घरी दोन पोरं असलेला माणूस, त्यांच्या मागे लागलो.

तीन वळणं धरून ठेवली. चौथ्यात पूर्ण बाहेर. समोर कोणी नव्हतं म्हणून ही नोंद लिहितोय. तीन महिन्यांत शिकलेलं सगळं त्या दीड मिनिटात गेलं. नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर, ब्रेक तो मारेल तेव्हा. त्याची गाडी, त्याचे टायर, त्याचं एबीएस, आणि मी मागे दीडशे सीसी ड्रम ब्रेकवाला.

त्या दिवशी घाईने चढायला १९ मिनिटं लागली. रोज २२ लागतात.

११ फेब्रुवारी

बायकोला घेऊन उतरलो. मागे माणूस बसला की मागच्या टायरची हवा वाढवायची, ते केलं. ब्रेक लवकर सुरू करायचा, तेही केलं. तरी पहिल्या दोन वळणांत गाडी वाकेना, कारण मी डावीकडे झुकलो की ती उजवीकडे सरळ होते. भीतीने, दुसरं काय. थांबून सांगितलं, "माझ्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघ, बाकी काही करू नकोस." जमलं.

खाली आल्यावर ती म्हणाली, "आज माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर दोनदाच आपटलं. दसऱ्याला आलो तेव्हा मी मोजलं होतं, अकरा वेळा." तिने मोजलं होतं! आणि मला सांगितलं नव्हतं, कारण मी रस्त्यात भांडलो असतो. माझ्या मोबाईलच्या पट्ट्यापेक्षा हे माप चांगलं आहे. आणखी एक तिने सुनावलं: "वळणात बोलणं बंद करा. तुम्ही बोलताना मागे वळून बघता."

१० मार्च

फुल्यांची वही परत चाळली. फेब्रुवारीपासूनच्या २३ फुल्यांपैकी १९ उतरतानाच्या, आणि त्यातल्या १४ फुल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या. हिशेबाचे दिवस. रात्री आठला निघतो, डोकं खात्यांत, दिवा मंद. कौशल्य संपलेलं नसतं, मी थकलेलो असतो. आता त्या दिवसांत दांडेघरला पाच मिनिटं थांबतो, चहा घेतो, मग उतरतो. दिव्याचा बल्ब आणि त्याची वाकडी दिशा आप्पाने फुकटात सरळ करून दिली.

आजवरचा खर्च: रुंद टायर विकून आलेले १,५०० वजा जाता १२,२०० रुपये. त्यातले ६,२५० पडण्याचे, बाकी शिकण्याचे.

१७ एप्रिल

दुपारी वळीव. निघताना पाऊस थांबला होता, पण पहिल्या पावसाने रस्त्यावरचं तेल वर आलेलं, सगळीकडे इंद्रधनुष्याचे डाग. टाकी काठोकाठ भरून निघालेल्या गाड्यांचं डिझेल नेमकं आवळ वळणात सांडतं. ओल्या रस्त्यावर मी ब्रेकचा सराव केलेला नाही, माझे सगळे आकडे कोरड्या जमिनीचे आहेत.

नंबर १ च्या वळणापर्यंत गेलो, बुटाने डांबर घासून बघितलं, परत फिरलो. गाडी हॉटेलच्या शेडमध्ये लावली आणि एसटीने घरी आलो. उद्या सकाळीही एसटीच. ओल्यातला सराव रविवारी, त्याच काँक्रीट आवारात, पाण्याचा टँकर मिळाला तर.